वाहन मागे घेताना झालेल्या किरकोळ नुकसानीचा विमा दावा

मोटारगाडी मागे घेत असताना ती भिंत, खांब, फाटक, झाड किंवा दुसऱ्या वाहनावर आदळून झालेल्या किरकोळ नुकसानीच्या भरपाईसाठी वाहनमालक विमा कंपनीकडे करतो तो दावा. हा दावा मोटार विम्यातील स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागाखाली येतो. विमा व्यवहारात या भागास ‘ओन डॅमेज’ म्हणतात. मागचा बंपर पोचणे, डिकीच्या दारास ओरखडे पडणे, मागील दिवा फुटणे ही अशा नुकसानीची नेहमीची उदाहरणे होत.

विम्याची व्याप्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला विमा केवळ त्रयस्थ पक्षाचा आहे. ज्याने तेवढाच विमा उतरवला आहे, त्यास स्वतःच्या बंपरचे काहीही मिळत नाही. सर्वसमावेशक किंवा स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी असल्यासच दावा करता येतो.

चूक वाहन मागे घेणाऱ्याचीच होती, या कारणाने असा दावा नाकारला जात नाही, कारण अशा आकस्मिक नुकसानीसाठीच हा विमा असतो. मात्र गाडी चालवणाऱ्याजवळ वैध परवाना असणे आवश्यक आहे. ही अट घराच्या अंगणातही लागू असते. फाटकातून गाडी मागे घेण्याचे काम परवाना नसलेल्या मुलाकडे किंवा गॅरेजातील पोऱ्याकडे सोपवले आणि धडक झाली, तर दावा बाद होतो. मद्यप्राशन करून चालवलेली गाडी आणि भाड्याने वापरलेली खाजगी गाडी यांनाही संरक्षण नसते.

भरपाईची आकारणी

दुरुस्तीचे संपूर्ण बिल कंपनी देत नाही. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेली घसाऱ्याची कोष्टके आजही सर्वसाधारण पॉलिसींत आढळतात. त्यांनुसार प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो. काचेवर घसारा नसतो. रंगकामात केवळ साहित्याच्या किमतीवर ५० टक्के कपात होते आणि एकत्रित बिलात साहित्याचा वाटा २५ टक्के धरतात. याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीस १,००० रुपये व त्यावरील गाडीस २,००० रुपये एवढी सक्तीची वजावट प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाची असते. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी घेतली तरी ही वजावट टळत नाही. हल्लीचे बंपर बहुधा प्लास्टिकचेच असल्याने घसाऱ्याचा सर्वाधिक फटका नेमका मागच्या धडकेस बसतो.

दावा न केल्याबद्दलची सवलत

दाव्याविना गेलेल्या सलग वर्षांसाठी ओन डॅमेज हप्त्यावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळते. या सवलतीस ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. एका दाव्याने ती शून्यावर येते आणि पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते. किरकोळ दावा करावा की करू नये, हा प्रश्न खरे तर येथेच सुटतो.

उदाहरणार्थ, १५०० सीसीच्या आतील गाडीचा बंपर ६,००० रुपये, रंगकाम ४,००० रुपये व मजुरी १,५०० रुपये, असे ११,५०० रुपयांचे बिल झाले असे मानू. त्यातून बंपरचा ३,००० व रंगाचा ५०० रुपये घसारा आणि १,००० रुपयांची वजावट गेल्यावर मालकाच्या हाती ७,००० रुपये पडतात. आता त्याचा सवलतीपूर्वीचा हप्ता ९,००० रुपये असून चालू सूट ३५ टक्के आहे. दावा न केल्यास पुढील वर्षी ४५ टक्के व त्यानंतर ५० टक्के सूट मिळाली असती. दावा केल्यास हप्ता पाच वर्षांत अनुक्रमे ४,०५०, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५० रुपयांनी अधिक पडतो. एकूण १०,८०० रुपये. हप्त्याचा आधार कायम धरून आणि वस्तू व सेवा कर वगळून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात गाडीचे मूल्य दरवर्षी उतरत असल्याने तोटा काहीसा कमी भरतो, तरीही सात हजारांसाठी केलेला दावा महाग पडू शकतो. सवलत सुरक्षित ठेवणारी जोडपॉलिसी असल्यास हे गणित बदलते.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

यवतमाळ जिल्ह्यातील वाहनांच्या नोंदणी क्रमांकाचा आरंभ एमएच-२९ ने होतो. दिवाळीनंतर कापूस बाजारात येऊ लागला की बाजार समित्यांच्या आवारांत बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या व मोटारी एकाच जागेत वळवाव्या लागतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्लीबोळांतही तशीच अडचण होते. वणी परिसरात कोळशाच्या ट्रकांची भर असते. १ जुलै २०१९ पासून निर्मित मोटारींत मागील अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे आहेत; परंतु बारीक खांब किंवा ठेंगणा दगड त्यांच्या टप्प्यातून निसटू शकतो. शिवाय सेन्सर बंपरमध्येच बसवलेले असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च वाढतो.

कंपनीशी करार असलेल्या गॅरेजात रोख रक्कम न भरता दुरुस्ती होते. तालुक्याच्या गावातील अन्य गॅरेजात मालकास आधी स्वतः पैसे भरून नंतर परतावा मागावा लागतो आणि त्यासाठी पक्के बिल लागते; कच्च्या पावतीवर दावा चालत नाही.

दाव्याची प्रक्रिया

घटनेची सूचना कंपनीस तत्काळ द्यावी लागते. पाहणी होण्यापूर्वी दुरुस्ती करून घेतल्यास दावा अडचणीत येतो. पॉलिसी, नोंदणी प्रमाणपत्र, परवाना व दुरुस्तीचा अंदाजखर्च ही कागदपत्रे सादर करावी लागतात. लहान दाव्यांची पाहणी अनेकदा छायाचित्रांवरून किंवा व्हिडिओद्वारे केली जाते. केवळ स्वतःच्या गाडीस ओरखडा आला असेल, तर सामान्यतः पोलीस तक्रारीची गरज पडत नाही. कोणी जखमी झाल्यास मात्र कलम १३४ नुसार वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांस कळवणे चालकावर बंधनकारक आहे.

दुसऱ्याच्या दुचाकीस धक्का लागल्यावर प्रकरण जागेवरच आपसांत मिटवण्याची रीत सर्वत्र आहे. तथापि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा भरपाईचे वचन देऊ नये, अशी पॉलिसीची अट असते. त्यामुळे आधी पैसे देऊन नंतर ते कंपनीकडून वसूल करणे कठीण जाते.

तक्रार निवारण

कंपनीने दावा नाकारल्यास किंवा लेखी तक्रारीस महिनाभरात उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते आणि विमाधारकाने दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही.