पित्याचा रोखा, पुत्राची निशाणी

मनुष्य वयात येऊन कर्ता झाला म्हणजे त्याच्या संसाराची कीर्दखतावणी कोऱ्या पानावर सुरू होते, आणि पुढे जे देणे वाढते अथवा फिटते ते त्याच्या स्वतःच्या करणीने, अशी आज आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील अगणित कुणबी तरुणांच्या वाट्याला हे कोरे पान कधी आलेच नाही. बाप निवर्तल्यावर घराचा भार ज्या दिवशी अंगावर पडे, त्या दिवशी संसाराची बेरीज मुळातच उणे असे. दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात सावकाराचा लोभ, सरकारचा सारा व पावसाची लहर यांचा विचार यथास्थित झालेला आहे. त्या मानाने, हे कर्ज एका पिढीच्या अंगावरून दुसऱ्या पिढीच्या अंगावर नेमके कोणत्या क्षणी आणि कोणत्या कागदाने चढत असे, इकडे लक्ष फार थोडे गेले. माझ्या मते सर्व अनर्थाचे मर्म त्या एका कागदात आहे.

तो कागद असा. दिवसकार्य आटोपून घरातील पाहुणे पांगले, की थोड्याच दिवसांत सावकाराचा तगादा येई आणि मुलाला पेढीवर जावे लागे. तेथे वही उघडून बापाच्या नावची मागील बाकी वाचून दाखविली जाई; मुलाला अक्षरओळख नसल्यामुळे त्या आकड्यांचा पडताळा घेण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसे, आणि बापाने वेळोवेळी घातलेल्या धान्याची वा रोख रकमेची पावतीही घरात सापडत नसे, कारण पावती देण्याचा रिवाजच नव्हता. मग मुद्रांकाचा कागद येई, लिहिणारा ठराविक भाषेत कर्जरोखा उतरून काढी, आणि बापाचे मुद्दल, त्यावरचे व्याज, कागदाचा व लिहिणावळीचा खर्च हे सर्व एकत्र मिळवून ती एकंदर रक्कम मुलाला रोख पोचली असे त्यात नमूद होई. खाली साक्षीदारांची नावे, बिकलम अमुक अशी लेखकाची नोंद, आणि लिहून देणाराची म्हणून नांगराची निशाणी. ज्या वयात हातात खरा नांगर येऊन फार वर्षे झालेली नसत, त्या वयात हा शाईचा नांगर कागदावर उमटे; आणि तेथून पुढे ते कर्ज बापाचे राहत नसे, ते सर्वस्वी मुलाचे होई.

हे ऋण तो नाकारीत का नसे, याचे उत्तर भीतीपेक्षा श्रद्धेत अधिक सापडते. बृहस्पतीच्या स्मृतीने पित्याचे ऋण पुत्राने सव्याज फेडावे, पितामहाचे केवळ मुद्दल फेडावे आणि प्रपौत्राने काहीच देऊ नये अशी पायरी घालून दिली होती. द्यूत आणि मद्य यांपायी झालेले पित्याचे देणे तर पुत्रावर मुळीच बसत नाही, असा शास्त्राचा स्पष्ट निर्वाळा होता. हे बारकावे खेड्यापर्यंत पोचले नव्हते. पोचली होती ती एकच भावना, की बापाच्या डोक्यावर देणे ठेवले तर त्याला परलोकी गती नाही, आणि ज्याने ते फेडले तोच खरा मुलगा. ही भावना उदात्त होती असेच मी म्हणेन. तिच्यामुळे पतीची आणि शब्दाची किंमत समाजात टिकून राहिली. दुर्दैव एवढेच, की ज्या व्यवहारात एका पक्षाच्या हाती वही आणि लेखणी होती आणि दुसऱ्याच्या हाती केवळ सचोटी होती, त्या व्यवहारात ही सचोटीच तारण म्हणून गहाण पडली.

वास्तविक त्या तरुणाच्या रक्षणासाठी दोन बळकट भिंती उभ्या होत्या. पहिली दामदुपटीची: मुद्दलाइतके व्याज चढले की त्यापलीकडे एकरकमी व्याज मागता येत नाही, हा आपल्या धर्मशास्त्राचा जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत मानीत असत. दुसरी भिंत मुंबई सरकारच्या 1866 च्या सातव्या कायद्याची. त्या कायद्याने मुलाची किंवा नातवाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या पैतृक मिळकतीपुरतीच मर्यादित केली, आणि केवळ वारस या नात्याने त्याला स्वतःच्या कमाईतून हे देणे द्यावे लागू नये अशी तजवीज केली. परंतु मुलाने आपल्या नावचा नवा रोखा लिहून दिला, की तो वारस राहत नसे, तो स्वतःच ऋणको होई, आणि या दोन्ही भिंती त्याच्याच निशाणीने जमीनदोस्त होत.

यात भर पडली ती 1859 च्या मुदतीच्या कायद्याची. ऋणकोच्या मानगुटीवर जुनी देणी कायमची बसू नयेत, या सद्हेतूने त्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. त्याचा परिणाम असा झाला, की दर तीन वर्षांनी मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहवून घेऊ लागला, आणि त्या वेळी साचलेले व्याज मुद्दलात विरघळू लागले. दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतलेले 100 रुपये तीन वर्षांनी 172 होत; 172 चा नवा रोखा आणखी तीन वर्षांनी सुमारे 296 वर जाई, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस, मधल्या काळात काही फेड झाली नसेल तर, आकडा 509 च्या घरात पोचे. दामदुपटीने मूळच्या 100 वर 200 ची जी सीमा घातली होती, ती येथे कोणत्याही एका कागदावर ओलांडलेली दिसत नाही, कारण प्रत्येक नव्या कागदावरचे व्याज त्या कागदावरच्या मुद्दलापेक्षा कमीच असते. बाप गेल्यावर मुलाचा रोखा होणे हे याच नूतनीकरणाचे सर्वांत मोठे पर्व होते.

पेशवाईतही सावकार होता आणि व्याज जबर होते. परंतु दिवाणी न्यायालयाची डिक्री घेऊन बेलिफाकरवी जमीन लिलावात काढण्याचा मार्ग त्याला खुला नव्हता. तो तगादा लावी, धरणे धरून बसे, पंचाईत बसवी; 1819 च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने या तगाद्याच्या निरनिराळ्या पायऱ्या नमूद केल्या आहेत. इंग्रजी अमदानीत वहिवाटदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा त्याची पत वाढली खरी, पण त्या पतीबरोबर जमीन जाण्याची वाटही खुली झाली. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. यादवी संपली, भाव कोसळले, त्याच सुमारास फेरपाहणीने सारा वाढला, आणि दिलेला पैसा परत मागण्याची एकच घाई उडाली. शिरूरजवळच्या कर्डे गावी 1874 च्या अखेरीस एका देशमुखाचे घर डिक्रीत जाऊ लागले, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला. आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. लोकांचा मुख्य रोख रोख्यांवर होता. कागद हाती दिले तेथे प्रायः माणसाला इजा झाली नाही, आणि ते कागद चव्हाट्यावर जाळले गेले. आपल्या दुःखाचे मूळ कोठे आहे, हे त्या निरक्षर जमावाने अचूक ओळखले होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनचा अहवाल 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. अहमदनगर जिल्ह्यातील निवडक गावांची पाहणी करून कमिशनने असे दाखविले, की सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात बुडालेले होते, त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते, आणि त्या कर्जाच्या जवळजवळ दोन तृतीयांशाला जमिनीचे तारण होते. अशा घराची मालमत्ता म्हणजे काही एकर जिराईत, बैलांची एक जोडी, औते, शाकारलेले घर, तांब्यापितळेची चार भांडी आणि घरच्या लक्ष्मीच्या अंगावरचे चांदीचे डाग. यांतील डाग आधी पेढीवर जात आणि जमीन शेवटी जाई. कमिशनच्या आणखी एका निष्कर्षाची आठवण देणे मला अगत्याचे वाटते: लग्नकार्यातील उधळपट्टी हे कर्जाचे कारण म्हणून जे सांगितले जाते त्याला वाजवीपेक्षा फार अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे कमिशनने बजावले होते. तरीही शहरातील सुशिक्षित वर्ग पुढे कित्येक पिढ्या शेतकऱ्याला काटकसरीची प्रवचने देत राहिला, ही गोष्ट मनाला लागून राहते.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत, पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा त्याला हक्क असावा, आणि कर्जापायी त्याला कैदेत जावे लागू नये, अशी कलमे त्यात आली. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून त्या जिल्ह्यांतून काम केले. बापाच्या काळातील बाकी आता मुलाच्या रोख्याआडून उकरून काढता येऊ लागली, आणि पुष्कळ घरे वाचली. पण सावकाराने गहाणखताऐवजी साफ खरेदीखत मागण्यास आरंभ केला; पैसे फेडल्यावर जमीन परत करू, हे तोंडी वचन तेवढे कागदाबाहेर राहिले.

मग फेडीची दुसरी वाट लोकांनी स्वतःच काढली. घाटावरचा आणि कोकणातला धाकटा मुलगा मुंबईस गिरणीत जाऊ लागला, आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावचे हप्ते भागू लागले. तेथेही आरंभ कर्जानेच होई. महिना भरल्यावरही पगार काही दिवस उशिराने हाती पडे, तोवर वाण्याची उधारी चढलेली असे. निकडीचे कर्ज रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा 75, या दराने मिळे. मुंबईच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगारांच्या घरखर्चाची जी पाहणी केली, तीत 47 टक्के कुटुंबे कर्जात आढळली.

याहून दारुण स्थिती ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या वारल्यांची होती. तेथे तरुण लग्नासाठी शंभर-दीडशे रुपये उचली आणि त्या मोबदल्यात जमीनदाराचा लग्नगडी होई. त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही त्याच वाड्यावर राबू लागे. मजुरी खात्यावर जमा होत नसल्यामुळे मुद्दल कधी उतरतच नसे, आणि संसाराचा पहिला दिवस हाच गुलामगिरीचा पहिला दिवस ठरे. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले तेव्हा ही प्रथा मोडली. दख्खनच्या कुणब्याला निदान खोटा का होईना एक हिशेब दाखविला जाई. येथे हिशेबच नव्हता.

सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 साली झाला, आणि वैकुंठभाई मेहता व धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांनी त्या चळवळीला आपले आयुष्य वाहिले. तरी काम केवढे अवघड होते, हे 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने उघड केले: शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेला भाग जेमतेम तीन टक्के होता, आणि सावकारांचा भाग सत्तर टक्क्यांच्या आसपास. दरम्यान खुद्द जमीनही आक्रसत चालली होती. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा जो अभ्यास 1917 साली प्रसिद्ध केला, त्यात 1771 साली सरासरी 40 एकरांचे असलेले खाते 1914-15 मध्ये 7 एकरांवर आलेले दिसते. वाटणीत मुलांकडे जमिनीचा तुकडा येई आणि देण्याचाही तुकडा येई. पण तुकड्यावरच्या उत्पन्नातून आधी घरची चूल चालवावी लागे, आणि देणे मागे राही.

हिंदू वारसा कायद्यात 2005 साली जी दुरुस्ती झाली, तिने पित्याचे ऋण फेडण्याच्या केवळ धार्मिक कर्तव्यावर विसंबून पुत्र, पौत्र वा प्रपौत्र यांच्यावर वसुलीची कारवाई करण्याचा मार्ग त्यापुढील कर्जांच्या बाबतीत बंद केला. जमिनीवरचा बोजा मात्र जमिनीबरोबरच जातो, आणि तो जावा हे न्याय्यही आहे. बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद करून मुलगा सातबारा हाती घेतो, तेव्हा इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा त्याला वाचावयास मिळतो. आज तो वाचू शकतो, व्याजाचा दर त्याला ठाऊक असतो, आणि सोसायटीच्या सचिवाकडे तो उतारा मागू शकतो. त्याच्या पणजोबाला यांतले काहीच मिळाले नव्हते. पण अनेक गावांतून मार्चअखेर जवळ आली की नवे-जुने करण्याची लगबग उडते: चार दिवसांसाठी कोणाकडून हातउसने आणून जुने पीककर्ज व्याजासह भरावयाचे, लगेच वाढीव मर्यादेचे नवे कर्ज उचलावयाचे, आणि त्यातून हातउसने परत करून उरलेल्या पैशात खरिपाचे बियाणे आणावयाचे. खाते त्यामुळे थकीत होत नाही, आणि देण्याचा आकडा दरवर्षी थोडा वर सरकतो. ज्या घरी त्या वर्षी बाप गेलेला असतो, तेथे हे नवे-जुने मुलाच्या सहीने होते.