हाड का मोडलं, हे कुणी विचारलं?



गटाच्या बैठकीत हाडांचा विषय निघाला की आपण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांबद्दल बोलतो. नाचणी खा, उन्हात बसा, पाय घसरू देऊ नका. हे खरंच आहे. पण आणखी काही माणसं आहेत, ज्यांची हाडं इतरांपेक्षा जास्त मोडतात आणि ज्यांच्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही. स्किझोफ्रेनिया झालेली माणसं. कानात आवाज येतात, नसलेलं दिसतं, घरच्यांवरच संशय येतो, आणि गाव म्हणतं, हिला बाहेरचं लागलंय. अशी व्यक्ती पडली आणि हाड मोडलं, तर सगळे म्हणतात, वेडाच्या भरात पडली असेल. हे उत्तर फार जुनं आहे. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

इंग्लंडमध्ये १८७०च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळांत मेलेल्या रुग्णांच्या बरगड्या मोडलेल्या सापडू लागल्या. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. काही डॉक्टर म्हणाले, वेड लागलं की हाडंच मऊ पडतात. दुसरे म्हणाले, रुग्णाला आवरताना सेवक त्याच्या छातीवर गुडघा रोवतात, त्याने मोडतात. काही रुग्णांची हाडं कमजोर असतीलही. पण 'हाडंच कच्ची' म्हटलं की गुडघा रोवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, ही सोय आम्हाला जरा जास्तच ओळखीची वाटते.

पुढची गोष्ट बुडापेस्ट शहरातली, १९३४ सालची. लॅडिस्लास मेडुना नावाच्या डॉक्टरांचा अंदाज होता की फिट येणं आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक आहेत. म्हणून त्यांनी रुग्णाला मुद्दाम फिट आणायचं ठरवलं, आणि त्यासाठी टोचला कापूर. आपण आरतीला लावतो तोच. (कापूर पोटात गेला तर आजही आचके येतात, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.) नंतर कापराऐवजी कार्डियाझोल हे औषध आलं. काही रुग्ण खरोखर सुधारले आणि ही पद्धत देशोदेशी गेली. पण ते आचके इतके जोराचे, की पाठीचे स्नायू आवळून स्वतःचेच मणके चेपायचे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या पाठीचे एक्स-रे काढले, तेव्हा शंभरात चाळीसहून अधिक जणांचे मणके मोडलेले निघाले. त्यातल्या अनेकांनी पाठदुखीची फारशी तक्रारही केली नव्हती. एक्स-रे काढला नसता तर कुणाला कळलंही नसतं.

तोवर रोममध्ये सेर्लेट्टी आणि बिनी यांनी १९३८ साली औषधाऐवजी विजेने फिट आणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे त्यालाच 'शॉक देणं' म्हणतात. हाडं मोडण्याचा धोका तिथेही होताच. १९४० साली अमेरिकेतल्या बेनेट या डॉक्टरांनी क्युरारे वापरून पाहिलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीसाठी बाणाला लावतात ते हे विष. थोड्या प्रमाणात दिलं की स्नायू सैल पडतात, आचके जोर धरत नाहीत, हाड वाचतं. पण श्वासही अडू शकतो, म्हणून धोका होताच. १९५०नंतर त्याहून सुरक्षित, थोडाच वेळ टिकणारी औषधं आली, आणि शॉक भूल देऊन देणं सुरू झालं. आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. हे लक्षात ठेवा. आपल्या माणसाला शॉक द्यायचा म्हणाले, तर 'भूल देणार ना?' हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर सुरू झाला आणि पुढे गोळ्यांचा काळ आला. साखळदंड सुटले, माणसं घरी राहू लागली. हे फार मोठं काम झालं, त्यात शंका नाही. पण हाडांचा प्रश्न संपला नाही, तो दिसेनासा झाला. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. या गोळ्या त्याचं काम अडवतात. त्याचबरोबर अंगात दूध आणणारा प्रोलॅक्टिन हा स्त्राव वाढू शकतो. तो वाढला की पाळी थांबते, कधी बाळंतपण नसताना अंगावर दूध येतं. पाळी थांबते म्हणजे हाडांना जपणारं स्त्रीचं संप्रेरक घटतं, आणि तिशीतच हाडं म्हातारपणासारखी ठिसूळ होऊ लागतात. सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन जास्त वाढतं, अ‍ॅरिपिप्राझोलने सहसा वाढत नाही. त्यात भर म्हणजे घरात कोंडून राहिल्याने ऊन नाही, चालणं नाही, तंबाखू आहे, आणि गोळीने चक्कर येऊन पडणं आहे.

आता आपल्या गावातली बाई डोळ्यांपुढे आणा. पाळी चुकली की सासू संशय घेते. दूध आलं तर बोलायलाच नको. ही लाजेने गप्प, डॉक्टर विचारत नाहीत, आणि नवरा औषध आणायला गेला तर तो तरी काय सांगणार? शिवाय या आजारात दुखणं नीट सांगितलं जात नाही, म्हणून मोडलेल्या हाडावरही माणूस चालत राहतो.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आजार उलटतो आणि हाल वाढतात. डॉक्टरांना सांगायचं. प्रोलॅक्टिन रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. मग डॉक्टर गोळी बदलू शकतात किंवा मात्रा कमी करू शकतात. दवाखाना लांब असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं.

आमच्या गटात अशा घरांसाठी आता एक साधी पद्धत आहे. औषधाच्या कागदावरच, गोळीच्या नावाखाली, पाळीची तारीख लिहायची. नवरा जरी औषध आणायला गेला, तरी कागद डॉक्टरांच्या हातात जातोच.