चेल्सीतील शिवणकामगारांची सोसायटी

'सोसायटी' हा शब्द आपल्या घरोघरी इतका रुळला आहे की, एकेकाळी त्यामागे एक व्रत होते याचा आम्हां मुंबई-वसईकरांना विसर पडला आहे. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या करताना आता फक्त चौरस फूट मोजले जातात. म्हणून न्यूयॉर्कच्या चेल्सी या जुन्या वस्तीतील एका सोसायटीची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

चेल्सीची बरीचशी जमीन मुळात क्लेमंट क्लार्क मूर यांच्या घराण्याची. संत निकोलसच्या आगमनावरील सुप्रसिद्ध कविता ज्यांच्या नावावर आहे, तेच हे मूर. पुढे गोदीवर राबणाऱ्या आयरिश कुटुंबांनी हा भाग भरून गेला. २५व्या रस्त्यावरील संत कोलंबा यांचा धर्मग्राम १८४५ सालचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भीषण झाली. १९४९च्या कायद्याने मोडकळीस आलेल्या वस्त्या सरकारी मदतीने पाडून ती जमीन नव्या बांधकामास स्वस्तात देण्याची सोय झाली. त्याचा लाभ घेऊन स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने, डेव्हिड डुबिन्स्की अध्यक्ष असताना, 'पेन साउथ' उभारले. सहकारी घरबांधणीचे जुनेजाणते कार्यकर्ते अब्राहम कझान यांची संस्था पाठीशी होती. दहा उंच इमारती, २,८२० घरे. १९ मे १९६२ रोजी झालेल्या समारंभास राष्ट्राध्यक्ष केनेडी जातीने आले होते.

पण त्यासाठी आधीच्या रहिवाशांना उठावे लागले, हे विसरून चालणार नाही. तेही गरीबच होते. संत कोलंबाचे मंदिर पाडण्यातून वाचले; भोवतालची घरे मात्र गेली. घंटा जागेवर आणि ती ऐकणारे पांगलेले, हे चित्र धर्मगुरूच्या मनाला चटका लावते. कामगारांच्या हक्कासाठी १८९१ साली परिपत्रक काढणाऱ्या पोप लिओ तेराव्यांना यात कोणाची बाजू घ्यावीशी वाटली असती, हे आम्हांला सांगता येणार नाही.

नियम मात्र खरोखर सहकारी होते. खोलीमागे ६५० डॉलर भरून कामगार सभासद होई, महिन्याचा खर्च देई, आणि प्रत्येक सभासदास एकच मत असे. घर सोडताना ते बाजारात विकता येत नसे. ते संस्थेकडे परत जाई आणि प्रतीक्षायादीतील पुढच्यास मिळे. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संयोजक बायार्ड रस्टिन येथे १९८७ साली निधन होईपर्यंत राहिले.

करसवलतीची मुदत संपत आली तेव्हा खरा मोह समोर उभा राहिला. चेल्सीत जागांचे भाव गगनाला भिडले होते. निर्बंध सोडले असते, तर निवृत्त शिंपीसुद्धा एका रात्रीत धनवान झाला असता! सभासदांनी मतदान केले आणि निर्बंध कायम ठेवले. पुढेही असे प्रसंग आले, आणि कौल तोच राहिला.

तोवर १९६२चे तरुण म्हातारे झाले होते. मुले दूर गेलेली, जिने जड झालेले. १९८६ साली सोसायटीने त्यांच्यासाठी इमारतींतच समाजसेवक व परिचारिका यांची व्यवस्था केली. अशा तऱ्हेची ती अमेरिकेतील पहिली योजना मानली जाते.