डाग दिसल्यापासून निदान होईपर्यंत : एका प्रतीक्षेचा इतिहास

१/ पिरंगुटची एखादी स्त्री भूगाव, चांदणी चौक ओलांडून मॅमोग्रामसाठी पुण्याला जाते. अहवालात शब्द येतात : ‘पुढील तपासण्या आवश्यक’. तिथपासून पक्के निदान होईपर्यंतचे दिवस साऱ्या घराला जड जातात. ही प्रतीक्षा शिक्षेसारखी वाटते. पण वैद्यकाच्या इतिहासात ती स्त्रियांनी झगडून मिळवलेली गोष्ट आहे. ती कशी, हे सांगणारा हा धागा.

२/ अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी १८८२ पासून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे तिला ‘फ्रोझन सेक्शन’ची जोड मिळाली. रुग्ण भुलीत असतानाच गाठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि कर्करोग दिसला तर त्याच वेळी स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर छाती चाचपूनच स्त्रीला आपले निदान कळे. मधले दिवस नव्हते, आणि तिचा निर्णयही नव्हता.

३/ दरम्यान क्ष-किरणांची वाट खुली होत होती. बर्लिनचे अल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांनी अभ्यास मांडला. उरुग्वेचे राउल लेबोर्न यांनी १९४९ च्या सुमारास स्तन दाबून प्रतिमा घेण्याचे आणि कॅल्शियमच्या बारीक कणांचे महत्त्व दाखवले. १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी हे तंत्र भरवशाचे केले. हाताला न लागणारी गाठ आता डोळ्यांना दिसू लागली. मात्र सावली म्हणजे निदान नव्हे.

४/ १९७४ मध्ये अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. त्यांचा आग्रह एवढाच होता : आधी फक्त बायोप्सी करा, उपचार काय घ्यायचे ते जागेपणी ठरवू. अनेक शल्यविशारदांनी नकार दिला, तरी त्या हटल्या नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे ठेवण्याची शिफारस केली. कुशनर त्या समितीच्या सदस्य होत्या. आजची प्रतीक्षा या दोन टप्प्यांमध्ये जन्मली.

५/ मुळशी तालुक्याच्या इतिहासात टाटांचे नाव १९२१ च्या सत्याग्रहामुळे येते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा समूहाचे प्रमुख सर दोराबजी होते. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा घडवली. निदानाचा अखेरचा शब्द अशा प्रयोगशाळेचाच असतो.

६/ त्या शब्दाला वेळ का लागतो? सुईने काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप घेऊन रंगवतात, मग तज्ज्ञ ते पाहतो. कर्करोग निघालाच, तर संप्रेरक-ग्राहकांच्या चाचण्या होतात आणि उपचार त्यांवर ठरतात. म्हणजे हे दिवस नुसते वाया जात नाहीत.

७/ १९९८ मध्ये टाटा स्मारकाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. सुमारे निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. संशय आल्यास पुढील तपासण्यांसाठी रुग्णालयात पाठवत. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले : पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरता मात्र घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित ठरली नाही. संशय ओळखणे ही अर्धीच वाट. पाठवलेली स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचणे ही उरलेली अर्धी.

८/ अहवालांची भाषाही सुधारली. १९९३ मध्ये अमेरिकेत ‘बायरॅड्स’ ही वर्गवारी आली. ० म्हणजे चित्र अपुरे. आणखी कोनांतून मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी हवी. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ आणि ५ मध्ये बायोप्सी सुचवतात. चाळणी-तपासणीनंतर परत बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. तरीही बोलावणे टाळू नये, कारण ज्यांना असतो त्यांचे हित लवकर कळण्यात आहे.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला दफ्तराचे मोल सांगावे लागत नाही. जुन्या मॅमोग्रामच्या फिल्म आणि अहवाल हे त्या स्त्रीचे दफ्तर आहे. डाग नवा की जुनाच, हे त्यांच्याशी ताडूनच कळते, म्हणून पुढच्या तपासणीला ते बरोबर न्यावेत. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरचे कुणी असावे. जागेपणी प्रश्न विचारण्याचा हा अवकाश आधीच्या पिढ्यांना नव्हता. त्यात तिला एकटे सोडू नये, एवढे तरी घराने करावे.