बायोलॉजीच्या दोन वाटा: मेजर आणि नॉन-मेजर कोर्स वेगळे कसे झाले?

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचा कोर्स कॅटलॉग उघडला, की बायोलॉजी विभागाच्या पहिल्याच पानावर दोन प्रकारचे कोर्स दिसतात. पहिला असतो पुढे बायोलॉजी, मेडिकल वगैरे करणाऱ्यांसाठी. तो सहसा दोन सेमिस्टरचा असतो, लॅबसकट, आणि सोबत केमिस्ट्री घ्यावीच लागते. दुसरा असतो बाकीच्यांसाठी. एक सेमिस्टर, नाव 'बायोलॉजी आणि समाज' किंवा तसंच काहीतरी, पूर्वअट काही नाही. आणि या दुसऱ्या कोर्सच्या माहितीखाली अनेकदा एक छोटीशी ओळ असते: हा कोर्स बायोलॉजी मेजरसाठी धरला जाणार नाही.

आजची पोस्ट त्या ओळीच्या इतिहासाबद्दल आहे. ओळ छोटी असली तरी तिचा परिणाम छोटा नाही. समजा, एखाद्या मुलीने इतिहास घ्यायचं ठरवलंय. सायन्सची अट पूर्ण करायची म्हणून पहिल्या वर्षी ती दुसरा कोर्स घेते. तिथे तिला जीवशास्त्र इतकं आवडतं की आता तेच करावंसं वाटतं. पण तिला पुन्हा पहिल्या कोर्सपासून सुरुवात करावी लागते. म्हणजे एक वर्ष आणि त्या वर्षाची फी. दुसरी बाजूही बघा. जे विद्यार्थी तिथेच थांबतात, त्यातले काही पुढे वकील होतात, काही पत्रकार, काही शाळेतले शिक्षक. लस, जनुकीय बियाणं, साथीचे रोग यांबद्दल मत बनवताना त्यांच्याकडे कॉलेजची जी शिदोरी असते ती त्या एका सेमिस्टरची. म्हणून त्या सेमिस्टरमध्ये काय शिकवायचं, हा प्रश्न साधा नाही.

ही विभागणी विषयाच्या स्वभावातच आहे असं आपल्याला वाटतं. इतिहास बघितला तर तसं दिसत नाही.

सुरुवात एकाच कोर्सने झाली

एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी वनस्पतिशास्त्र वेगळं आणि प्राणिशास्त्र वेगळं शिकवलं जाई. 'बायोलॉजी' नावाचा एकच प्राथमिक कोर्स असावा ही कल्पना रुजवण्यात टी. एच. हक्सली यांचा मोठा वाटा आहे. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला उन्हाळी वर्ग घेतले. त्यात व्याख्यान व्हायचं आणि लगेच प्रात्यक्षिक. १८७५ मध्ये हक्सली आणि त्यांचे सहकारी एच. एन. मार्टिन यांनी या पद्धतीचं प्रात्यक्षिकांचं पुस्तक काढलं. ते यीस्टपासून सुरू होऊन बेडकापर्यंत जात असे, म्हणजे साध्याकडून गुंतागुंतीकडे. गंमत म्हणजे १८८८च्या सुधारित आवृत्तीत हा क्रम उलटवून बेडकाला आधी आणलं. नवख्याला ओळखीच्या प्राण्यापासून शिकवायचं की सोप्या रचनेपासून, हा वाद तेव्हाही होता!

पण इथे नीट लक्ष द्यायची गोष्ट वेगळी आहे. हक्सलींचे ते वर्ग होते शाळामास्तरांसाठी. त्यांच्यासमोर बसलेले लोक भावी संशोधक नव्हते. आज ज्याला आपण मेजरचा कडक, लॅबवाला कोर्स म्हणतो, त्याचा एक पूर्वज असा शिक्षकांच्या वर्गात सापडतो.

हे मॉडेल अमेरिकेत गेलं ते मार्टिन यांच्याबरोबर. १८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं आणि मार्टिन तिथे बायोलॉजीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हक्सलींनी तिथे भाषणही केलं. तिथून पीएचडी घेतलेल्या दोघांनी, विल्यम सेजविक आणि ई. बी. विल्सन यांनी, १८८६ मध्ये 'जनरल बायोलॉजी' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यांनी यादी लांबवली नाही. एक वनस्पती, नेचे. एक प्राणी, गांडूळ. या दोघांचा खोलात अभ्यास करायचा आणि त्यातून 'जिवंत असणं म्हणजे काय' हे समजून घ्यायचं. थोडं पण खोल, असा हा विचार. तो पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

फाटा फुटला कसा?

मला यामागे तीन कारणं दिसतात आणि तिन्ही वर्गाच्या बाहेरची आहेत.

पहिलं कारण पदवीच्या रचनेचं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षं विषयनिवडीचं स्वातंत्र्य वाढवत नेलं. विद्यार्थी हवं ते घेऊ लागले, आणि मग 'सगळंच विखुरलं' अशी ओरड झाली. त्यावर निघालेला तोडगा असा: एका विषयात खोल जा आणि बाकीच्या क्षेत्रांतून थोडं थोडं घ्या. 'मेजर' आणि 'इतर शाखेची अट' ही जोडी इथे पक्की झाली. आता बायोलॉजीच्या वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी बसू लागले. एकाची ही पहिली पायरी होती, तर दुसऱ्याची बहुधा शेवटची.

दुसरं कारण वैद्यकीय शिक्षणाचं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांवरचा अहवाल आला. मेडिकलला येण्याआधी विद्यार्थ्याने कॉलेजात बायोलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स केलेलं असावं, असा त्याचा आग्रह होता. अशी अट आली की पहिल्या वर्षाच्या कोर्सवर बाहेरून दाब येतो. पुढच्या पायरीवर काय लागणार आहे, त्यावरून या पायरीवर काय शिकवायचं ते ठरतं.

तिसरं कारण 'जनरल एज्युकेशन'ची चळवळ. शिकागो विद्यापीठाने १९३१ मध्ये नवी योजना आणली. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी चार मोठ्या क्षेत्रांचे सर्वसाधारण कोर्स होते आणि जीवविज्ञान हे त्यातलं एक. १९४५ मध्ये हार्वर्डचा 'जनरल एज्युकेशन इन अ फ्री सोसायटी' हा अहवाल आला. नागरिकाला विज्ञान कशासाठी हवं, हा प्रश्न महायुद्ध आणि अणुबॉम्बच्या सावलीत विचारला जात होता. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः केमिस्ट होते आणि युद्धकाळात बॉम्बच्या प्रकल्पाशी त्यांचा जवळून संबंध होता. १९४७च्या 'ऑन अंडरस्टँडिंग सायन्स' या पुस्तकात त्यांनी मांडलं की सामान्य विद्यार्थ्याला निष्कर्षांची यादी देऊ नका. विज्ञान कसं घडतं ते इतिहासातल्या मोजक्या प्रकरणांतून दाखवा. यातून तयार झालेल्या हार्वर्डच्या संचात पाश्चरचं किण्वनावरचं काम होतं, आणि निर्जीवातून सजीव आपोआप निर्माण होतात का, हा वादही होता.

म्हणजे इथे नॉन-मेजर कोर्सला स्वतःचं तत्त्वज्ञान मिळालं. 'सोपा करून दिलेला मेजर कोर्स' एवढीच त्याची ओळख राहिली नाही.

स्पुटनिकनंतरचा पैसा

१९५७ मध्ये स्पुटनिक उडाला आणि विज्ञानशिक्षणासाठी अमेरिकन सरकारने हात मोकळा सोडला. शाळांसाठी १९५८ मध्ये बीएससीएस हा बायोलॉजीचा प्रकल्प सुरू झाला. कॉलेजांसाठी १९६३ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर एक आयोग नेमला गेला. त्याचं लांबलचक नाव 'कमिशन ऑन अंडरग्रॅज्युएट एज्युकेशन इन द बायॉलॉजिकल सायन्सेस', ओळखीचं नाव क्यूब्स. तो १९७२ पर्यंत चालला. १९६७ मध्ये त्याने एकीकडे बायोलॉजीच्या गाभा-अभ्यासक्रमावर पुस्तिका काढली आणि दुसरीकडे खास नॉन-मेजर बायोलॉजीवर. प्रश्न एकच, पुस्तिका दोन. विभागणी किती मुरली होती हे यावरून कळतं.

याच काळात मेजर कोर्सचा आशयही बदलत होता. १९५३ मध्ये डीएनएची रचना कळली आणि बायोलॉजी झपाट्याने रेणूंकडे वळली. पेशी समजायची तर केमिस्ट्री हवी, म्हणून पूर्वअटी वाढल्या आणि वाट चढाची झाली. नॉन-मेजर कोर्स दुसऱ्या दिशेला गेला. १९६२ मध्ये रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं, १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन झाला. पर्यावरण, लोकसंख्या, आनुवंशिक आजार हे विषय वर्गात आले. मेजरचा विद्यार्थी क्रेब्स चक्र पाठ करत होता आणि नॉन-मेजरचा विद्यार्थी कीटकनाशकांवर चर्चा करत होता. खरं तर दोघांनाही दोन्ही हवं होतं.

उलटा प्रवास

विसाव्या शतकाच्या शेवटी मात्र शंका वाढल्या, आणि रोख होता थेट सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या कोर्सवर. १९९० मध्ये शीला टोबायस यांनी एक मजेशीर प्रयोग पुस्तकरूपाने मांडला. सायन्स न घेतलेल्या पण हुशार, पदवीनंतरचं शिक्षण घेतलेल्या लोकांना त्यांनी फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या प्राथमिक वर्गांत बसवलं आणि अनुभव लिहायला सांगितले. सायन्सपासून दूर गेलेले सगळे 'ढ' नसतात, शिकवण्याची रीतही त्यांना दूर लोटते, हा त्यांचा मुद्दा. १९९७ मध्ये एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी सायन्स सोडणाऱ्या आणि टिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं पुस्तक काढलं. त्यात दोन्ही गटांच्या तक्रारी बऱ्याच सारख्या निघाल्या, आणि वाईट अध्यापन ही त्यातली मोठी तक्रार होती.

मग २०११ मध्ये 'व्हिजन अँड चेंज' हा अहवाल आला. पदवीच्या बायोलॉजीसाठी त्याने पाच मूळ संकल्पना मांडल्या: उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, ऊर्जा आणि पदार्थाची रूपांतरं, आणि प्रणाली. सोबत विज्ञानाची प्रक्रिया वापरता येणं, विज्ञान आणि समाजाचं नातं समजणं अशी कौशल्यंही सांगितली. यादी कमी करा, संकल्पना खोल शिकवा, विज्ञान कसं घडतं ते दाखवा. हे कोणासाठी? मेजरसकट सगळ्यांसाठी.

ओळखीचं वाटलं ना? सेजविक-विल्सनचं गांडूळ आणि कोनंटची प्रकरणं आठवा. जे नॉन-मेजरसाठी 'पुरेसं' मानलं जात होतं, तेच आता मेजरसाठी 'आवश्यक' ठरलं. माझ्या मते या इतिहासातून निघणारी मुख्य गोष्ट हीच आहे: दोन कोर्समधला फरक बुद्धीच्या पातळीचा नव्हता. पुढच्या पायरीवर कोण उभं आहे आणि ते काय मागतंय, त्याचा होता.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा फाटा कॉलेजच्या आधीच फुटतो. दहावीनंतर आर्ट्स किंवा कॉमर्सला गेलेल्या विद्यार्थ्याची बायोलॉजी बहुतेक वेळा तिथेच संपते. कॉलेजात सगळ्या शाखांना सक्तीचा झालेला, जीवशास्त्राच्या जवळचा कोर्स म्हणजे पर्यावरणाचा, आपला ईव्हीएस. त्याचा उगमही वर्गाबाहेरचा आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षणाबद्दल निर्देश दिले आणि पुढे यूजीसीने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या इराक भरुचा यांनी लिहिलं. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यावं लागतं. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी बायोलॉजीचा पेपर कसा असावा, हा प्रश्न आता इथल्या प्राध्यापकांसमोरही आहे. बीएस्सीच्या पेपरातले चार धडे काढून तो तयार करायचा, की त्याचा हेतूच वेगळा ठरवायचा?

संशोधनाला बसताना

ज्यांना अशा विषयावर काम करायचंय त्यांच्यासाठी थोडं साधनांबद्दल. अभ्यासक्रमाचा इतिहास लिहिताना तीन प्रकारची कागदपत्रं हाताशी येतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी असते. आयोगांचे अहवाल काय *व्हायला हवं* ते सांगतात. पाठ्यपुस्तकं काय *विकलं जाईल* ते सांगतात. त्यातलं सगळं कोणी शिकवत नाही. कॅटलॉग किंवा सिलॅबस काय *मंजूर झालं* ते सांगतो. वर्गात खरंच काय झालं, ते प्रश्नपत्रिका, लॅबच्या जर्नल्स आणि विद्यार्थ्यांच्या वह्या सांगतात, आणि नेमक्या त्याच रद्दीत जातात.

म्हणून तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असतील तर आधी ते बघा. एकाच पेपरच्या दर दहा वर्षांनी एक अशा प्रश्नपत्रिका काढा आणि 'व्याख्या लिहा' प्रकारचे प्रश्न किती, 'का ते सांगा' प्रकारचे किती, एवढंच मोजा. मग त्याच वर्षांचा सिलॅबस शेजारी ठेवा. दोन्ही जिथे जुळणार नाहीत, तिथे तुमचा संशोधनप्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.