सूत्रकृमी, मुक्तजीवी सागरी : वर्गीकरणाचा इतिहास

नेमॅटोडा संघातील ज्या कृमी दुसऱ्या जीवाच्या शरीराचा आश्रय न घेता समुद्रतळाच्या वाळूत व चिखलात स्वतंत्रपणे राहतात, त्यांना मुक्तजीवी सागरी सूत्रकृमी म्हणतात. त्यांची लांबी बहुधा ०·५ ते ३ मिमी. असते. पनवेलच्या खाडीसारख्या, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या तिवरांच्या चिखलात बहुपेशीय प्राण्यांपैकी सामान्यतः यांचीच संख्या सर्वाधिक असते, दर चौ. मी. क्षेत्रात ती १० लाखांहूनही अधिक भरू शकते. ज्ञात जाती सु. ७,००० असून वर्णन न झालेल्या जाती याहून पुष्कळच अधिक असाव्यात. बाह्यतः सर्वांचे शरीर जवळजवळ सारखेच दिसत असल्यामुळे त्यांचे वर्गीकरण प्रारंभापासून अवघड ठरले.

ब्रिटिश वैद्य एच्. सी. बॅस्टियन यांनी १८६५ मध्ये सागरी, भूचर व गोड्या पाण्यातील मुक्तजीवी सूत्रकृमींच्या १०० नव्या जातींचे वर्णन केले. डच प्राणिवैज्ञानिक जे. जी. डे मान यांनी शरीराच्या मापांची गुणोत्तरे रूढ केली. अमेरिकन शास्त्रज्ञ एन्. ए. कॉब यांनी या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचे स्थान मिळवून दिले. रशियन प्राणिवैज्ञानिक आय्. एन्. फिलिप्येव्ह यांनी सेव्हॅस्टोपोल परिसरातील सागरी जातींचा अभ्यास केला आणि १९३४ मध्ये मुक्तजीवी व परजीवी सूत्रकृमींचा संबंध दाखविणारी वर्गीकरण पद्धती मांडली.

डोक्यावरील अँफिड या संवेदी अवयवाचा आकार गण ओळखण्यास उपयुक्त ठरतो : तो एनॉप्लिड सूत्रकृमींत खिशासारखा, क्रोमॅडोरिडांत बहुधा सर्पिल व मॉनहिस्टेरिडांत वर्तुळाकार असतो. शेपटीवरील फॅस्मिड हे अवयव असणे वा नसणे यावरून बी. जी. चिटवुड यांनी १९३३ मध्ये संघाचे दोन वर्ग केले. फॅस्मिड नसलेल्या वर्गात जवळजवळ सर्व सागरी जाती आल्या. परंतु एखाद्या अवयवाचा अभाव हा समान वंशाचा पुरावा नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ एस्. लोरेंट्सेन यांनी १९८१ मध्ये अंडाशयाची रचना व जननग्रंथीचे आतड्याच्या संदर्भातील स्थान यांवर भर देऊन जातिविकासाधिष्ठित मांडणी केली. १९९८ मध्ये एम्. एल्. ब्लॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रिबोसोमी जनुकाच्या आधारे नवा वंशवृक्ष काढला. त्यानंतर २००२ मध्ये पी. डी ले व ब्लॅक्स्टर यांनी एनॉप्लिया व क्रोमॅडोरिया हे दोन वर्ग मांडले. चिटवुड यांचा फॅस्मिडयुक्त वर्ग त्यांनी क्रोमॅडोरियातील एका गणात सामावून घेतला.

भारतीय उपखंडात आर्. डब्ल्यू. टिम यांनी १९६१ मध्ये बंगालच्या उपसागरातील जातींवर निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावरील तळजीवांच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र म्हणजे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) होय.

या अभ्यासाला व्यावहारिक महत्त्वही आहे. डब्ल्यू. वीझर यांनी १९५३ मध्ये मुखपोकळीवरून चार आहारगट पाडले. प्रदूषणामुळे या गटांचे प्रमाण बदलू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यात खाडीलगतच्या सखल भूभागावर भराव घालण्यात आला व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. असे बदल होण्यापूर्वी चिखलातील जातींची नोंद झालेली नसेल, तर त्यांतील कोणत्या नाहीशा झाल्या हे पुढे कोणत्याही वर्गीकरणाच्या साहाय्याने ठरविता येत नाही.