प्रश्न विचारणारे नियतकालिक

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी परिसरात १९३२ साली सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास आरंभिला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. रोगाचे खरे नाव त्यांना सांगितले नाही. पुढे पेनिसिलीन हाती आले, तेही दिले नाही.

हे सारे गुप्तपणे चालले होते काय? मुळीच नाही. १९३६ पासून त्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत उघड छापले जात होते. असाच एक अहवाल वाचून आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरांनी १९६५ साली त्याच्या लेखकांना पत्राने जाब विचारला. उत्तर आले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांनी वाचा फोडली, तेव्हा कुठे तो अभ्यास थांबला.

१९७४ च्या कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनास तपासणी समितीची संमती सक्तीची झाली. पण समितीने विचार कसा करावा? त्या चर्चेसाठी हेस्टिंग्ज सेंटर या संस्थेने १९७९ साली एक नियतकालिक काढले. त्याच्या नावातच 'आयआरबी', म्हणजे तपासणी समिती, होती. २०१९ साली ते नव्या रूपात निघाले, तेव्हा ही अक्षरे गळून 'एथिक्स अँड ह्यूमन रिसर्च' एवढेच नाव उरले.

ते योग्यच झाले. माणसाची जपणूक समितीच्या शिक्क्यावर सोपवून भागत नाही. निष्कर्ष छापणारी नियतकालिके तेव्हाही पुष्कळ होती. 'हे करावे काय?' असे विचारणारी मात्र विरळाच होती.